उशिराचा भाव

३१ जुलै २०२४ रोजी रात्री ८ वाजून ८ मिनिटांनी या देशात एका मिनिटात ९,३६७ प्राप्तिकर विवरणपत्रं दाखल झाली. हा आकडा प्राप्तिकर खात्यानेच जाहीर केला होता, आणि तो वाचल्यापासून मला त्या मिनिटाविषयी फार कुतूहल आहे. घरोघरी कुकर उतरलेला, टीव्हीवरच्या मालिकेत कुणीतरी दाराआडून कुणाचं तरी बोलणं ऐकत असलेलं, पानं घ्यायची का म्हणून आतून दुसऱ्यांदा विचारणा झालेली, आणि नऊ हजारांहून अधिक माणसं "थांबा हो, ओटीपी येतोय" असं ओरडत मोबाइलकडे टक लावून बसलेली. त्या एका दिवसात जवळपास सत्तर लाख रिटर्न भरली गेली. फॉर्म एप्रिलपासून पोर्टलवर होते. नोकरदाराच्या हातात फॉर्म सोळा जूनच्या मध्याला पडतो असं धरलं, तरी दीड महिना मोकळा होता. तो लोणच्याची कैरी, मुलांचे प्रवेश, गळकं छत आणि आषाढी यांत गेला.

त्याच पत्रकात आणखी एक नोंद होती. एका सेकंदात सर्वाधिक रिटर्न दाखल झाली ती १७ जुलैला, सकाळी ८ वाजून १३ मिनिटं ५४ सेकंदांनी. ९१७. सकाळी सव्वाआठच्या आत आंघोळ आटोपून रिटर्न भरणारे हे लोक कोण असतील? वीजबिल आलं की त्याच दिवशी भरणारे, पुस्तकांना पहिल्या आठवड्यात कव्हरं घालणारे. देशाचा कारभार त्यांच्यावर चालतो. पण त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नसतं, म्हणून आपण पुन्हा रात्री आठच्या मंडळींकडे वळू.

शेवटच्या तारखेवर आपला फारसा विश्वास नसतो, आणि या अविश्वासाला सरकारनेही थोडं खतपाणी घातलेलं आहे. कोरोनाच्या वर्षी मुदत नोव्हेंबरअखेर गेली, मग डिसेंबरअखेर, मग १० जानेवारी २०२१. ते एक वेळ ठीक. तेव्हा सगळ्याच तारखा कोलमडल्या होत्या. पण २०२५ मध्ये तर मे महिन्यातच मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली गेली. लोकांनी ती बातमी ज्या आनंदाने ऐकली, तो पाहता वाढलेले दीड महिने कसे जाणार हे तेव्हाच स्पष्ट होतं. १५ सप्टेंबर उजाडला. पोर्टल धापा टाकू लागलं. आणि रात्री बाराच्या तोंडाला खात्याने जाहीर केलं, की मुदत आणखी एक दिवस वाढवली आहे. एकच दिवस. शिवाय आवश्यक ते बदल करण्यासाठी रात्री बारा ते अडीच पोर्टल बंद राहील. म्हणजे चोवीस तास दिले, त्यातले पहिले अडीच कापून घेतले. उगमातच कपात करायची खात्याची सवय वेळेच्या बाबतीतही सुटलेली नाही.

रिटर्न उशिरा भरणारा माणूस करबुडवा असतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. करबुडव्यांची रिटर्नं वेळेवर जातात. त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं असतात. उशीर होतो तो ज्याचा सगळा कर पगारातून आणि ठेवीवरच्या व्याजातून आधीच कापला गेलेला असतो, त्याला. "आता राहिलंय काय? पैसे तर कधीच नेलेत त्यांनी," असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. लग्नाचा आहेर पोचता झाल्यावर पुन्हा आहेराची यादी लिहून पाठवायची, असा हा प्रकार त्याला वाटतो.

दुसरा वर्ग "आपल्याला बसतच नाही" म्हणणाऱ्यांचा. हा वर्ग २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर फोफावला. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, हे वाक्य टीव्हीवर इतक्या वेळा ऐकू आलं, की अनेकांनी पॅन कार्ड देव्हाऱ्याच्या खणात नेऊन ठेवलं. वस्तुस्थिती अशी, की करमुक्त मर्यादा केली ४ लाख. तिच्यावर आणि १२ लाखांच्या आत असलेल्याचा कर आधी निघतो आणि मग सवलतीने शून्य होतो. हे निघणं आणि शून्य होणं रिटर्नमध्येच व्हावं लागतं. कर नाही म्हणून रिटर्न नाही, हे गणित कायद्याला मान्य नाही. परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च केला, किंवा वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या पुढे गेलं, तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न भरावंच लागतं. युरोप सहलीचे फोटो आपण नातेवाइकांना दाखवतो ते हौसेने. खात्याला ते न दाखवताच दिसलेले असतात.

तिसरा वर्ग मला सगळ्यांत जवळचा. तो म्हणतो, "सीएला दिलंय." या दोन शब्दांनंतर त्याच्या मनातून विषय संपतो. तिकडे सीएच्या कार्यालयात त्याची फाइल एका कागदासाठी उघडी पडलेली असते. मग ऑगस्टमध्ये कधीतरी फोन होतो.

"सर, माझं रिटर्न झालं ना?"

"तुमचं पोस्टाचं व्याज यायचंय."

"पाठवलंय की! व्हॉट्सॲपवर."

"साहेब, ते मागच्या वर्षीचं होतं."

"मग यंदाचं?"

"तेच विचारतोय."

यंदाच्या पासबुकाचा फोटो येतो, तर नेमका आकड्यावर अंगठा. सीए मंडळींबद्दल आपण त्यांच्या फीवरून बरंच बोलतो, पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या छोट्या सीएच्या कार्यालयात जाऊन बघावं. तिथे चहाचे कप फायलींवर, फायली खुर्च्यांवर आणि खुर्च्या नसल्यामुळे माणसं उभी असतात. आर्टिकलशिपची पोरं डोळे तांबारलेली. त्यांच्या वयाची बाकीची मुलं पावसात लोणावळ्याला गेलेली असतात, आणि ही कुणाच्या तरी घरभाड्याच्या पावत्या जुळवत बसतात. त्या कार्यालयात "सहज इकडून जात होतो, म्हटलं बघावं झालंय का" असं म्हणत शिरणाऱ्याला दंड करण्याची तरतूद अजून कोणत्याही कायद्यात नाही, ती असावी.

उशीर करणाऱ्याला खरा धाक असतो तो खात्याला काहीतरी कळेल याचा. हा धाक आता कालबाह्य झाला आहे. नोव्हेंबर २०२१ पासून पोर्टलवर प्रत्येकाचं वार्षिक माहिती विवरण मिळतं. सगळे त्याला एआयएस म्हणतात. ते उघडून वाचणं हा एक विलक्षण अनुभव आहे. बचत खात्यावरचं व्याज, मुदत ठेवींचं व्याज, कधीकाळी भाऊबिजेला मिळालेल्या चार शेअरांचा लाभांश, म्युच्युअल फंडाची विक्री. आपण विसरलेलं सगळं तिथे असतं. बायकोपासून लपवलेलं आवर्ती ठेवीचं खातंही असतं. मग रिटर्नमध्ये आपण सांगायचं काय, तर जे त्यांना आधीच माहीत आहे ते. परीक्षेला बसायच्या आधी उत्तरपत्रिका हातात दिली आहे, फक्त ती आपल्या अक्षरात उतरवून काढायची आहे, आणि तरीही सत्तर लाख लोक ती शेवटच्या दिवशी उतरवतात.

ही फाइल उघडायला पासवर्ड लागतो: छोट्या लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख. मिरजेच्या माझ्या आत्याची फाइल काही केल्या उघडेना. आत्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. आकडा चुकणं तिच्या स्वभावात नाही.

"आत्या, जन्मतारीख बरोबर सांगतेयस ना?"

"अरे, माझी जन्मतारीख मी चुकेन होय? कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीची मी."

"पॅन कार्डावर काय आहे?"

पॅन कार्डावर १ जून होती. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख नोकरी, पेन्शन, आधार अशी चढत चढत प्राप्तिकर खात्यापर्यंत पोचली. पुढे आत्याने स्वतः मुख्याध्यापिका झाल्यावर कितीतरी पोरांना तीच तारीख लावली असणार. आज ती पोरंही कुठेतरी पासवर्ड चुकवत बसलेली असतील.

आता या कायद्याकडे येतो, कारण मला त्याचं खरंच कौतुक आहे. १९६१ चा प्राप्तिकर कायदा वाचताना जाणवतं, की तो लिहिणाऱ्यांनी आणि नंतर दरवर्षी त्यात भर घालणाऱ्यांनी माणसाच्या दिरंगाईचा अभ्यास फार बारकाईने केलेला आहे. आपल्या कादंबरीकारांनीही केला नसेल इतका. त्यांनी उशिराचे प्रकार पाडले, त्यांना कलमं दिली आणि प्रत्येकाचा भाव ठरवला.

मुदत चुकली, तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येतं. त्याची फी ५,००० रुपये. उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. पूर्वी दंड करायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. आता तो पर्याय नाही, फी भरल्याखेरीज रिटर्न पुढेच सरकत नाही. कर बाकी असेल तर त्यावर महिन्याला एक टक्का व्याज, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी तो पूर्ण महिना धरायचा. भाडेकरू अशा हिशेबाने भाडं देत नाहीत, पण खातं घेतं.

इथे माझी एक तक्रार आहे. ज्याचं उत्पन्न साडेसहा लाख, कर शून्य, असा माणूस दोन दिवस उशिरा आला तर ५,००० रुपये. ज्याचं उत्पन्न ६५ लाख, तो डिसेंबरच्या अखेरीला आला तरी ५,०००. पहिल्याला ती रक्कम मुलाच्या क्लासच्या फीइतकी, दुसऱ्याला एका रात्रीच्या जेवणाइतकी. दिरंगाईचा एवढा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्या कायद्याला हे दिसलं नसेल असं वाटत नाही. दिसूनही राहून गेलं असावं, जसं आपलं रिटर्न राहून जातं.

फी भरली म्हणजे सुटलो असंही नाही. उशिरा येणाऱ्याला जुन्या करपद्धतीत बसता येत नाही. म्हणजे वर्षभर विम्याचे हप्ते, पीपीएफ, घराच्या कर्जाचं व्याज हे सगळं ज्या वजावटीसाठी गोळा केलं, ती वजावट हातची गेली. शेअर बाजारात झालेला तोटाही पुढच्या वर्षांत ओढता येत नाही. माझ्या भाच्याला हे सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. नफा झाला असता तर त्याने तो घरात सगळ्यांना सांगितला असता. तोटा त्याने फक्त खात्याला सांगायचं ठरवलं होतं, तर खातं म्हणालं, आता उशीर झाला.

३१ डिसेंबरही गेला तर? सामान्य माणूस इथे आशा सोडतो. कायदा सोडत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अद्ययावत रिटर्न आणलं, दोन वर्षांच्या मुदतीचं. २०२५ मध्ये ती मुदत चार वर्षं झाली. पहिल्या वर्षात आलात तर कर आणि व्याज यांवर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. "तुम्हाला सुचायला किती काळ लागेल?" असं कुणीतरी टेबलापलीकडून शांतपणे विचारतंय आणि तुमच्या उत्तराप्रमाणे दरपत्रक पुढे सरकवतंय असं मला यात दिसतं. मुद्दाम रिटर्न न भरणाऱ्याला तुरुंगात घालायची तरतूदही १९६१ च्या कायद्यात होती, नाही असं नाही. पण तिथेही १०,००० रुपयांपर्यंत कर बाकी असलेल्या व्यक्तीला वगळलेलं होतं. आपल्या मध्यमवर्गीय स्वप्नांत दारावर धाड पडते आणि अधिकाऱ्यांना चहा कोणत्या कपांतून द्यावा या विचाराने आपल्याला जाग येते, तशी वेळ येण्यासाठी आधी तेवढं कमवावं लागतं.

हा कर या देशात आणला जेम्स विल्सन यांनी, २४ जुलै १८६० रोजी. मूळचे स्कॉटलंडमधले, टोप्यांच्या धंद्यातले. पुढे 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक काढलं. १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या खजिन्याला पडलेलं भगदाड बुजवायला त्यांना कलकत्त्याला पाठवलं होतं. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी या कराला जाहीर विरोध केला, तर त्यांनाच परत बोलावून घेतलं गेलं. आणि विल्सन? कायदा झाला आणि तीन आठवडेही उलटले नाहीत, तोच ऑगस्टमध्ये ते हगवणीने वारले. हा कर तात्पुरता म्हणून आला होता. १८६५ मध्ये तो खरोखर गेलाही. पण पाहुणा परत आला, आणि १८८६ पासून तर त्याने मुक्कामच ठोकला. २४ जुलै हा आता प्राप्तिकर दिन म्हणून साजरा होतो. मुदतीच्या बरोबर आठवडाभर आधी येतो, त्यामुळे करदात्यांचं लक्ष त्याच्याकडे जात नाही.

१ एप्रिल २०२६ पासून जुन्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला. ८१९ कलमांची ५३६ झाली. 'मागील वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. चलन भरताना चुकीचं वर्ष निवडून, पैसे भरूनही थकबाकीदार ठरलेल्यांनी पेढे वाटावेत अशी ही गोष्ट आहे.

पण आत्याची गोष्ट अर्धी राहिली. तिच्या मुदत ठेवी तीन बँकांत, थोडे पैसे पोस्टात. सहकारी बँकांचे अनुभव गाठीशी असलेली ती पिढी. त्यात ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो हे कळल्यापासून आत्या कुठल्याही एका बँकेवर पूर्ण विश्वास टाकत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना रिटर्नमधून सूट आहे, पण पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच बँकेत असेल आणि बँकेने कर कापून घेतला असेल तरच. म्हणजे आत्या त्यात नाही. कर कापू नये म्हणून तेव्हा एप्रिलमध्ये पंधरा एच फॉर्म द्यायचा असे. एके वर्षी ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे बँकेत जाऊ शकली नाही. बँकांनी नियमाप्रमाणे दहा टक्के कापून घेतले. कर तिला लागतच नव्हता, ते पैसे तिचेच होते. रिटर्न भरलं असतं तर खात्यात परत आले असते. पण गुडघा बरा होईपर्यंत जुलै गेला, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत डिसेंबर.

मग ते चार वर्षांचं अद्ययावत रिटर्न? त्याची मेख इथे आहे. ते सरकारला पैसे द्यायला वापरता येतं, सरकारकडून घ्यायला नाही. परतावा मागायचा किंवा कर कमी करून घ्यायचा, तर ते दार बंद. उरतो एकच मार्ग: विलंब माफ करावा म्हणून आयुक्तांकडे अर्ज. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत तो करता येतो. खरी अडचण होती हे पटवून द्यायचं. पैसे मिळाले तरी त्यावर व्याज नाही. तुमच्याकडे बाकी असेल तर महिन्याला एक टक्का, आणि त्यांच्याकडे असेल तर व्याजाचं नाव काढायचं नाही. कायद्याच्या कौतुकाला माझ्याकडून इथे थोडी कात्री लागते.

आत्याने अर्ज केला. सोबत शस्त्रक्रियेचे कागद जोडले, आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात एक पत्र लिहिलं. शुद्धलेखन निर्दोष, समास सोडलेला, खाली सही आणि तारीख. तिला पैशांची फिकीर नव्हती. "माझे पैसे आहेत ना, मग मागायला लाज कसली?" एवढंच तिचं म्हणणं. पैसे पुढे आले, बऱ्याच उशिराने. खात्यानेही विलंबासाठी कसलीही फी दिली नाही.

उशिराने सरकारचं फारसं बिघडत नाही, हे एव्हाना लक्षात आलं असेल. त्याने आपला हिस्सा आधीच उचललेला असतो. बिघडतं ते ज्याला परत मिळायचंय त्याचं. आणि असे लोक आपल्याच घरात असतात: दुपारी पासबुक भरून आणणारे, कर कापल्याचा मेसेज आला की तो जपून ठेवणारे आणि कुणाला त्रास नको म्हणून विचारायचं टाळणारे. त्यांची एआयएस एकदा उघडून बघा. पासवर्ड चालला नाही तर १ जून टाका.

आणि तुमचं स्वतःचं रिटर्न वेळेवर भरलंय म्हणून तुम्ही हसत असाल, तर पोर्टलवर जाऊन ई-व्हेरिफाय केलंय का तेवढं पाहून या. भरल्यापासून तीस दिवस असतात. पडताळणी झाली नाही, तर ते रिटर्न कायद्याच्या लेखी भरलेलंच नसतं.